कागदावरची निराधार

शुक्रवार म्हणजे दुबईतल्या मराठी घरांचा रविवार. उशिरा उठायचं, दुपारी पोटभर जेवायचं आणि मग देशात फोन लावायचा, कारण त्या दिवशी फोनचा दर कमी. सगळ्यांनी मिळून सात मिनिटं बोलायचं, त्यातली पाच 'ऐकू येतंय का' यातच घालवायची आणि घड्याळाकडे बघत 'बरं, ठेवतो आता' म्हणायचं. मंडळी, तुमच्यापैकी जे आखातात राहून आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२००१ सालच्या जानेवारीतला असाच एक शुक्रवार. दुबईच्या देरा भागातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून उपेंद्र टिकेकरनं मिरजेला फोन लावला. मिरजेत त्याची आई, प्रमिलाबाई. आठ महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उपेंद्रचा मामेभाऊ अरुण आणि त्याची बायको तिला आपल्या घरी घेऊन गेले आणि तेव्हापासून तेच तिचं सगळं करत होते. बोलणं शिकवायला एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. त्या मुलीच्या मेहनतीनं प्रमिलाबाईंच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो 'चहा'. त्यावर घरात सगळे इतके हसले होते की म्हातारीही अर्ध्या तोंडानं हसली होती. मग 'अरुण' आला, मग 'उपा' आला. आता दोन-तीन शब्द जोडून बोलायची, पण एकेका शब्दाला घाम फुटायचा.

त्या दिवशी मात्र फोनवर अरुणच बोलला.

"दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. आत्याला आता घरी ठेवणं आमच्यानं होईना. उचलून उचलून हिची कंबर धरलीय. कामाला लावलेली बाई महिनाभर टिकत नाही. सांगली रस्त्याला सरकारी अनुदानावर चालणारं एक शुश्रूषागृह आहे. मी जाऊन बघून आलो. स्वच्छ आहे, नर्सा मायेनं करतात. पैसे भरून खाट मिळते, महिना पाच हजार. औषधं वेगळी."

"आणि सरकारी खर्चानं?" उपेंद्रनं विचारलं.

"तीस खाटा फुकट आहेत. पण त्या निराधारांच्या. ज्यांना मिळकत नाही आणि बघणारं कुणी नाही अशांच्या. त्याला यादी असते."

फोन ठेवला आणि उपेंद्रनं सवयीप्रमाणे दिरहामच्या भावानं, तेराने, भागलं. औषधं धरून सहा हजार तीनशे रुपये, म्हणजे पाचशे दिरहामच्या आसपास. दर महिन्याला! किती वर्षं? ते कोण सांगणार? एका सॅनिटरी सामानाच्या कंपनीत तो खरेदी बघायचा, पगार साडेपाच हजार दिरहाम. घरभाडं आणि शाळेच्या फिया गेल्या की हातात उरायचं ते बोटांवर मोजण्याइतकं, आणि तेही पुण्यातल्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी साठत होतं. थोरल्या मुलीला, इशिताला, जूनमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला घालायची होती, तीसुद्धा परदेशस्थांच्या महागड्या राखीव जागेतून. आईच्या नावावर सहा लाखांची मुदत ठेव होती, मिरजेत एक फ्लॅट होता. आता हे बोलायला बरं वाटत नाही, पण उपेंद्रनं मनातल्या मनात ती ठेव इशिताच्या फीला कधीच लावून टाकली होती. आई हयात असताना! आपणही असे हिशेब करतो, फक्त मोठ्यानं बोलत नाही.

संध्याकाळी दुबईतल्या मराठी मंडळाचं तिळगूळ होतं. तिथं गुणवंतराव भेटले. गुणवंतराव म्हणजे मंडळाचे चालतेबोलते सल्लागार. कुणाला प्लॉट घ्यायचाय, कुणाला लायसन्स हवंय, कुणाचा पासपोर्ट अडकलाय, गुणवंतरावांकडे प्रत्येकावर तोड असायची आणि ती ते फुकट द्यायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कुठलाही नियम सरळ पाळला की आपण फसलो असं वाटायचं.

"पाच हजार भरतोस? वेडा की काय तू!" हातातली तिळाची वडी तोंडात टाकत ते म्हणाले. "अरे, असलं आजारपण घर धुऊन नेतं. आईची ठेव आणि फ्लॅट बक्षीसपत्रानं मुलीच्या नावावर कर. आई कागदावर गरीब झाली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तू इथून लिहून द्यायचं, की माझा आईशी सात वर्षं संबंध नाही आणि मी तिला सांभाळू शकत नाही. भारतीय कॉन्सुलेटचा शिक्का मारून आणायचा, शिक्क्याचा कागद असला की यादीत नंबर वर लागतो. चौकशीला साहेब येतात, त्यांच्यासमोर म्हातारीनं एवढंच म्हणायचं, मला बघणारं कुणी नाही. खलास! माझ्या सासऱ्यांचं मी असंच केलं."

"पण गुणवंतराव, हे खोटंच की."

"खोटं काय त्यात? तुझ्या वडिलांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढला, कर भरला. सरकारकडून काय मिळालं त्यांना? आपण वसूल करतोय, चोरी नाही करत. तुझ्या भावाचा नंबर दे मला, मी त्याला सगळं नीट समजावतो."

उपेंद्रनं नंबर दिला. आणि मंडळी, चूक इथंच झाली. कारण तो स्वतः अरुणला हे सांगू शकला नसता. त्याची जीभ रेटली नसती. दुसरं कुणी सांगतंय म्हटल्यावर त्याला बरंच वाटलं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, वीणाला, सांगितलं. ती डाळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"आईंना विचारलंत?"

"आईला काय कळतंय त्यातलं? अंगठाच तर द्यायचाय. आणि सोय तर तीच होणार ना! तीच खाट, त्याच नर्सा."

वीणानं पुन्हा डाळीत हात घातला. इशिताच्या फीचा आकडा तिलाही पाठ होता. पण टीव्हीसमोर बसलेल्या इशितानं मान वळवून विचारलं, "बट दॅट्स आजीज मनी, बाबा. व्हाय इज इट इन माय नेम?"

"तू अभ्यास कर," उपेंद्र म्हणाला. कॉलेजात जायला निघालेल्या मुलीला 'अभ्यास कर' म्हणायची वेळ आली की बापाकडे उत्तर नाही असं समजावं.

पुढच्या गुरुवारी अर्ध्या दिवसानं ऑफिस सुटल्यावर उपेंद्र अब्रात, म्हणजे लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडून बर दुबईला गेला. तिथं कॉन्सुलेटच्या जवळपासच्या एका गल्लीत जमालभाईंचं टायपिंगचं दुकान होतं. जमालभाई मूळचे श्रीवर्धनचे, दुबईत वीस वर्षं कागद टाइप करत होते. व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, मुलांच्या जन्माची नोंद, माणसांच्या मृत्यूची नोंद, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. त्यांची एक पद्धत होती. मजकूर इंग्रजीत असो की अरबीत, छापण्याआधी ते तो गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचे. घाई असलेली माणसं वैतागायची. जमालभाई म्हणायचे, "सही तुमची आहे, माझी नाही. काय लिहिलंय ते कानांनी ऐका, मग घेऊन जा."

उपेंद्रनं सांगितलं, त्यांनी टाइप केलं. मग चष्मा कपाळावर सरकवून वाचायला लागले.

"मी, उपेंद्र टिकेकर, शपथेवर लिहून देतो की माझी आई श्रीमती प्रमिला टिकेकर हिच्याशी गेली सात वर्षं माझा कसलाही संबंध, पत्रव्यवहार किंवा बोलणं नाही. तिचा सांभाळ करण्याची माझी ऐपत नाही. मी तिची कोणतीही जबाबदारी घेत नाही."

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं मान वर करून पाहिलं. उपेंद्रचे कान तापले.

"हळू वाचा ना, जमालभाई."

"हळू वाचल्यानं मजकूर बदलतो काय?" जमालभाईंनी चष्मा नाकावर घेतला. "उपेंद्रभाऊ, दीड वर्ष झालं असेल. तुमच्या आईचा व्हिजिट व्हिसा मीच टाइप केला होता. स्पॉन्सर तुम्ही, नातं आई. ती इथं दोन महिने राहिली. याच खुर्चीवर बसून तिनं मला विचारलं, इथं कढीपत्ता मिळतो का. आणि आता सात वर्षं संबंध नाही?"

"ते नियमासाठी लिहावं लागतं. तिच्या भल्यासाठीच आहे सगळं. ठेव आणि फ्लॅट मुलीच्या नावावर केला की यादीतून तीस फुकट खाटांतली एक मिळेल, पैसे वाचतील."

"कुणाचे पैसे?"

"तिचेच."

"तिचेच वाचणार, मग मुलीच्या नावावर कशाला करताय?"

उपेंद्र चिडला. खरं बोलणाऱ्यावर आपण नेहमी जरा जास्तच चिडतो. "आयुष्यभराची बचत आहे ती, जमालभाई! माझ्या वडिलांनी पोटाला चिमटा काढून साठवलीय. ती काय हॉस्पिटलांच्या घशात घालू?"

"पोटाला चिमटा काढून कशासाठी साठवली?" जमालभाई शांतपणे म्हणाले. "म्हातारपणी हातपाय चालेनासे झाले तर कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. आता हातपाय चालेनासे झाले. ज्या दिवसासाठी पैसे ठेवले तो दिवस आला. त्या दिवशी ते खर्च झाले तर तुम्ही म्हणता वाया गेले! भाऊ, बचत राखू नका असं कोण म्हणतो? राखा. वारस लावा, मृत्युपत्र करा, कुणी लुबाडू नये म्हणून हजार कायदेशीर रस्ते आहेत, मी रोज टाइप करतो. पण आईला भिकारी करून आईची बचत राखायची, ही कुठली राखण?"

"सगळेच करतात."

"करतात. म्हणून तर तीस खाटांना एवढी मोठी यादी असते. ज्याला खरंच कुणी नाही तो बिचारा कॉन्सुलेटचा शिक्का कुठून आणणार? त्याच्या कागदावर शिक्का मारायला परदेशात मुलगाच नाही."

"तुम्ही टायपिंगचे किती झाले ते सांगा."

"पंधरा दिरहाम," जमालभाई म्हणाले, आणि कागद छापून पाकिटात घालून दिला. "सही आत साहेबांसमोर करायची. आज खिडकी बंद झाली. शनिवारी या."

अब्रात परत येताना उपेंद्र स्वतःशीच जमालभाईंना उत्तरं देत होता. चांगली उत्तरं होती. एकही पटत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणं झाली आणि त्यानं मिरजेला फोन लावला. अरुणनं पहिल्या घंटेलाच उचलला.

"दादा, गुणवंतरावांचे तीन फोन आले. सगळं सांगितलंय त्यांनी, मी अर्जही देऊन आलो. सोमवारी चौकशीला साहेब येणार आहेत. आत्याचं पाठांतर चाललंय. सकाळपासून बसलीय, चहासुद्धा घेतला नाही. म्हणते, आधी म्हणता येऊ दे. थांब, तिलाच देतो, तिला तुला म्हणून दाखवायचंय."

फोन तिच्या कानाला लावल्याची खरखर झाली. मग तिचा श्वास ऐकू आला.

"उ... पा."

"आई! कशी आहेस?"

"ऐक... हं." मध्ये बराच वेळ गेला. तिकडे ती शब्दांची जुळवाजुळव करत होती, हे एवढ्या लांबूनही कळत होतं. मग एकेक शब्द वजन उचलल्यासारखा आला. "मला... बघणारं... कुणी... नाही."

आणि लगेच, उत्सुकतेनं, "बरोबर?"

त्या 'बरोबर'मध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. चार शब्द न चुकता म्हटल्याचा आनंद होता, आणि मुलाकडून शाबासकी हवी होती. पलीकडून अरुण मोठ्यानं सांगत होता, "वीस-पंचवीस वेळा तरी म्हटलंय दादा! साहेबांसमोर चुकलं तर उपाचं नुकसान होईल, असं खुणेनं सांगते."

बोलणं शिकवणाऱ्या मुलीनं आठ महिने खपून जी वाचा परत आणली, त्या वाचेचा तिच्या मुलानं हा उपयोग करून घेतला होता!

"चूक!" उपेंद्र ओरडला. स्वयंपाकघरातून वीणा धावत आली. "चूक आई, साफ चूक!"

"चु... कलं?" तिचा आवाज घाबरला. आणि ती माउली पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "मला... बघ..."

"थांब आई, थांब! पुन्हा म्हणू नकोस! तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. तुला बघायला मी आहे. अरुण आहे, वीणा आहे, सगळे आहेत. आधी चहा घे तू. घे बघू चहा!" तो रडत होता, आणि रडताना लाज वाटत नव्हती. "अरुण, साहेबांना सांग, येऊ नका म्हणावं. बक्षीसपत्र नाही, काही नाही. तू पैसे भरून खाट घे. उद्याच नाव घाल."

त्या दिवशी सातऐवजी सव्वीस मिनिटांचं बिल झालं.

फोन ठेवल्यावर उपेंद्रनं कागद घेतला आणि जो हिशेब त्यानं आधी करायला हवा होता तो आता केला. ठेवीचं व्याज महिन्याला साडेचार हजार. मिरजेचा फ्लॅट आठ महिने कुलूप लावून पडला होता. भाड्यानं दिला तर चौदाशे सहज येतील. झाले पाच हजार नऊशे. खर्च सहा हजार तीनशे. कमी पडतात चारशे रुपये.

"म्हणजे एकतीस दिरहाम," वीणा म्हणाली. एकतीस दिरहाम! एका शुक्रवारच्या चिकनला त्याहून जास्त लागायचे. आजारपण घर धुऊन नेतं, या एका वाक्यानं त्यांना इतकं घाबरवलं होतं की आईचं आजारपण आईच्याच पैशांत भागतंय, मूळ ठेवीला हातही लागत नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं.

प्रश्न उरला तो इशिताच्या फीचा. त्याला फुकटचा उपाय नव्हता. पुण्यातला फ्लॅट बुक करायचं ठरत आलं होतं, ते पुढे ढकललं आणि ते पैसे फीला लावले. वीणाला त्या फ्लॅटची फार हौस होती. तिनं त्याचा नकाशासुद्धा कपाटाला चिकटवला होता. तो काढताना तिचे डोळे भरून आले, पण काढला तिनंच.

शनिवारी उपेंद्र पुन्हा जमालभाईंच्या दुकानात गेला. जुना कागद त्यानं त्यांच्यासमोर फाडला आणि दुसरा करायला सांगितला. आईच्या दवाखान्याच्या खर्चाची, लागेल त्या सगळ्याची जबाबदारी माझी, आणि मी इथं असेपर्यंत मिरजेतली व्यवस्था माझ्या वतीनं अरुणनं बघावी. जमालभाईंनी टाइप केलं आणि पद्धतीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. जरा जास्तच मोठ्यानं वाचलं.

"पंधरा दिरहाम," वाचून झाल्यावर ते म्हणाले. सवलत दिली नाही.

गुणवंतरावांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "हातची खाट घालवलीस! मिळत होती ती!"

"मिळत होती हो," उपेंद्र म्हणाला, "पण ती माझी नव्हती."

गुणवंतरावांना ते पटलं नाही. सगळ्यांना सगळं पटतं असं थोडंच आहे!

जुलैत रजा घेऊन उपेंद्र मिरजेला गेला. स्टेशनवर उतरून तो तडक शुश्रूषागृहातच पोचला. लांबट दालनात दोन्ही बाजूंना खाटा होत्या. कुठली पैशाची, कुठली फुकट, ते पाहून कळत नव्हतं. प्रमिलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, वेणी घातलेली, अंगावर धुतलेलं लुगडं. मुलाला बघून त्यांनी डाव्या हातानं त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाल्या, "वाळ... लास." शब्द आता पुष्कळ मोकळे झाले होते.

शेजारच्या खाटेवर एक बारकीशी म्हातारी बसून हे सगळं कौतुकानं बघत होती. नर्सनं सांगितलं, ही शहनाझबी. बाजारात टोपली घेऊन बांगड्या विकायची. नवरा नाही, मूलबाळ नाही. मांडीचं हाड मोडलं, उठता येईना. अकरा महिने यादीत नाव होतं. तोवर मशिदीजवळच्या एका दुकानाच्या फळीवर पडून असायची, येणारा-जाणारा कोणी भाकरी द्यायचा. फेब्रुवारीत फुकटातली एक खाट रिकामी झाली आणि हिचा नंबर लागला.

फेब्रुवारीत! उपेंद्रनं मनात महिने जुळवले. जानेवारीत त्यानं तो कागद दाखल केला असता, शिक्क्यासकट, सगळ्या पुराव्यांसकट, तर फेब्रुवारीत त्या खाटेवर कोण असतं? आणि ही म्हातारी कुठं असती? त्यानं कधी हिचं नाव ऐकलं नव्हतं, तोंड पाहिलं नव्हतं. आपण सरकारला फसवतोय एवढंच तो समजत होता. सरकारला तोंड नसतं. शहनाझबीला होतं. सुरकुतलेलं, बोळकं, हसरं.

तिनं उशाशी जपून ठेवलेलं केळं काढलं, मोडलं, आणि अर्धं त्याच्यापुढे धरलं.

"लांबून आलास ना बेटा? खा. भूक लागली असेल."

उपेंद्रनं ते दोन्ही हातांनी घेतलं. त्याला तिच्या नजरेला नजर देता येईना.

मंडळी, घामाचा पैसा राखावा, त्याची नीट व्यवस्था लावावी, यात काही गैर नाही. पण ज्या आईवडिलांनी तो साठवला, त्यांच्या दुखण्याखुपण्यावर त्याचा पहिला हक्क असतो. आपला वाटा आपल्याला त्यानंतर. आणि सरकारची मदत ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती मिळायची असेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपलं 'आहे' म्हणून सांगायला शिकलं पाहिजे. आपण खोटा कागद करतो तेव्हा कुठल्या ऑफिसातले पैसे घेत नसतो. जिनं अर्धं केळं आपल्याला दिलं असतं, तिचं अंथरूण काढून घेत असतो.